रविवारची लाकडं

लॉस एंजेलिस
६ नोव्हेंबर १९५८

प्रिय ऑर्फा,

तुझं ऑगस्टमधलं पत्र अजून टेबलावर पडून आहे. सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून उत्तर दिलं नाही. आताही नाही, पण मागायचं आहे, म्हणून लिहितोय. हे तू पहिल्या ओळीतच ओळखणार, तेव्हा लपवत नाही.

आमच्या स्टुडिओला नवी वेस्टर्न मालिका हवी आहे. सध्या संध्याकाळी टीव्हीचं कुठलंही बटण फिरव, कुणीतरी कुणावर तरी पिस्तूल रोखून उभा असतो. सगळे चेहरे एकाच साबणाने धुतलेले, त्यामुळे प्रत्येकाला काहीतरी खूण चिकटवावी लागते. एकाच्या बंदुकीची नळी आखूड, दुसऱ्याची लांब, तिसऱ्याच्या काठीत पातं लपवलेलं. परवाच्या बैठकीत एका शहाण्याने एकच हात असलेला नेमबाज सुचवला. दुसरा लगेच म्हणाला, "दोन्ही नसले तर?" कुणी हसलं नाही. मिस्टर व्हॅन ऑर्डेननी ते लिहून घेतलं.

व्हॅन ऑर्डेन म्हणजे आमचे साहेब. बोस्टनमध्ये जन्मले, घोड्याला मागच्या बाजूने घाबरतात आणि पुढच्या बाजूनेही. त्यांना 'ताजं' काहीतरी हवंय. ताजं म्हणजे तेच, फक्त टोपी वेगळी. नाताळपर्यंत मी कल्पना दिली नाही तर माझी खोली एका चोवीस वर्षांच्या मुलाला मिळणार आहे. तो आत्ताच येताजाता माझ्या खिडकीतून बाहेर बघून जातो.

तू जन्मभर त्या खोऱ्यात राहिलीस. मी वीस वर्षांचा असताना निघालो आणि पंचवीस वर्षं तेच खोरं विकून खातोय. आता गाठोड्यात काही उरलं नाही. काहीतरी खरं सांग. मला फक्त बाबांनी घोड्यांच्या दाण्याच्या पेटीला लावलेलं कुलूप आठवतं. साऱ्या खोऱ्यात घराला कुलूप नाही आणि आपल्या दाण्याला! कोण चोरणार होतं, घोडे?

तो मेंढरवाला आयनार अजून दर रविवारी येतो का? कॉफी प्यायची, तीन शब्द बोलायचे आणि जाताना ढीगभर लाकडं फोडून ठेवायची. माणूस आहे की भिंतीवरचं घड्याळ?

तुझा,
लाइल


वरचं खोरं, वायोमिंग
१९ नोव्हेंबर १९५८

लाइल,

पत्र मिळालं. तुला काही हवं असलं की तुझं अक्षर सुधारतं.

तुमच्या मालिका मी पाहिल्या आहेत. हल्डा न्यूबर्गने खाणावळीत टीव्ही आणलाय, डोंगरावर तार चढवली आहे, आणि शनिवारी सगळं खोरं तिथे पाय खायला जमतं. पाय म्हणजे भट्टीत भाजलेला सफरचंदाचा, घाबरू नकोस. परवा एक नायक दिवसभर घोडा पळवत आला आणि घोड्याच्या अंगावर घामाचा थेंब नाही. नायकाच्याही नाही. मग तो घोड्यावरून उतरला आणि त्याला तसाच सोडून दारू प्यायला गेला. हल्डाचा नवरा म्हणाला, "घोड्यालाच नायक करा रे, तोच तेवढा शहाणा दिसतोय." जनावरं तीच ती बारा, कधी डावीकडून जातात कधी उजवीकडून. चिखल नाही. कुंपण दुरुस्त करणारा एक माणूस नाही. आणि मुली! लोणी घुसळताना हातात अंगठी.

तुझ्या गोळीबाराचं म्हणशील तर माझ्या हयातीत इथे तीन माणसांना गोळी लागली. त्यातल्या एकाने ती स्वतःच्याच पायात घातली. बाकी या खोऱ्यात खरी गोष्ट हवी असेल तर मॅक्लस्की आणि त्याचा मेहुणा यांची घे. एका पाटाच्या पाण्यावरून एकोणीस वर्षं बोलत नाहीत, आणि रोज एकमेकांचं टपाल रस्त्यावरून घरी नेऊन देतात. पण ते तुमच्या साहेबांना कळायचं नाही.

कुलपांचं तुला आठवतं ते बरोबर. इथे दारांना कुलूप नसतंच. उन्हाळी कुरणावरच्या खोपटांत पीठ, कॉफी, काड्या आणि सुकी लाकडं ठेवलेली असतात. वादळात सापडलेला कुणीही आत जातो, खातो, झोपतो. मालकाला विचारायचं नाही, मालकाने नाव विचारायचं नाही. एकच नियम: निघताना पुढच्यासाठी लाकडं फोडून ठेवायची. परक्याच्या छपराखाली खाल्लं की लाकडं. आयनारचं घड्याळ तेच आहे. तो माझ्याकडे कॉफी पितो, मी काही त्याच्या घरची नाही, म्हणून लाकडं.

या खोऱ्यात दार उघडलं नाही असं एकदाच झालं. आयनारचा धाकटा भाऊ नील्स. तू सहा वर्षांचा होतास. खिंडीवरून मेंढरांमागे उतरताना वादळात सापडला आणि आपल्या वरच्या खोपटापर्यंत पोचला. दार बर्फाने घट्ट बसलं होतं, तो उंबऱ्याशीच गोठला. बाबांनीच त्याला खाली आणलं.

अंगठी काढायला सांग त्या मुलींना.

ऑर्फा


लॉस एंजेलिस
३ डिसेंबर १९५८

ऑर्फा, तू माझी खुर्ची वाचवलीस!

तुझं पत्र वाचलं आणि ते नील्सचं पुन्हा वाचलं. एक गोष्ट खटकली. आपल्याकडची दारं आत उघडतात. बर्फ बाहेर कितीही साचला तरी माणूस आतून कोंडला जाऊ नये म्हणून मुद्दाम तशी बसवतात. हे बाबांनी मला शिकवलं होतं. मग बर्फाने दार घट्ट बसेल कसं? थोडं चिकटेल, बस्स. नील्स म्हणजे वासराला खांद्यावर घेऊन चालणारा माणूस. एक लाथ पुरली असती.

घाबरू नकोस, मी काही शेरिफ नाही. धंद्याची सवय. भोक दिसलं की बोट घालून बघतो. आणि बोट घातल्यावर गोष्ट मिळाली: दार लावलेलं होतं. ज्या मुलखात कुणी कुलूप लावत नाही तिथे एकाने लावलं आणि एक माणूस उंबऱ्याशी गोठून मेला. ज्याने लावलं तोच आमचा नायक. तो खोऱ्याखोऱ्यांतून फिरतो, बंदूक नाही, आणि दर आठवड्याला कुणासाठी तरी एक दार उघडतो.

व्हॅन ऑर्डेननी पेन्सिल खाली ठेवली. ते कधी ठेवत नाहीत. मग म्हणाले, "पण का लावलं त्याने?" मी तिथल्या तिथे उत्तर दिलं: मेलेला त्याचा भाऊ होता. जमिनीवरून भांडण, थोरल्याने रागाने कुलूप घातलं. बाहेरच्याने केलं तर तो गुन्हा, भावाने केलं तर ती मालिका! साहेबांनी माझा हात हातात घेतला. ओला होता त्यांचा हात.

नायकाचं नाव टॉर ब्रेक. नॉर्वेकडचा, मेंढरवाला. मेंढरवाला नायक आजवर कुणी केलाच नाही. चांगला ठसठशीत आहे ना? पहिला भाग लिहायला घेतलाय. आयनारला सांग, तो प्रसिद्ध होणार.

लाइल


वरचं खोरं
११ डिसेंबर १९५८

लाइल,

हे लिहू नकोस.

आयनारचं आडनाव ब्रेका आहे आणि तू नायकाला ब्रेक म्हणतोस. मग वर 'ठसठशीत आहे ना' म्हणून मला विचारतोस. नील्स कुठे आणि कसा मेला हे इथल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक आहे. शनिवारी हल्डाच्या खाणावळीत सगळे पाय खात बसलेले असतील आणि समोर दिसेल की आयनारने भावाला मारलं. लोक काही बोलणार नाहीत. इथले लोक बोलत नाहीत. फक्त मे महिन्यात त्याच्या मेंढरांची लोकर उतरवायला कुणी जाणार नाही आणि त्याला कुणी डागणीला बोलावणार नाही.

तू विसरला असशील म्हणून सांगते. वासरांना डागायला एकेकट्याला जमत नाही. सगळे सगळ्यांकडे जातात, मजुरी नाही, फक्त जेवण. ज्याच्याकडे कुणी आलं नाही तो संपला. माझ्या डागणीत वासरांवर दोरीचा फास टाकायचा मान गेली तीस वर्षं आयनारचा आहे. मेंढरवाल्याला गुरांच्या डागणीत तो मान साऱ्या काउंटीत मी एकटीच देते.

नायकाचं नाव बदल, भाऊ काढून टाक, मुलूख बदल. टेक्सासला ने. तिकडच्यांना सवय आहे.

ऑर्फा


लॉस एंजेलिस
२२ डिसेंबर १९५८

प्रिय ऑर्फा,

तुझं पत्र म्हणजे हुकूमनामा. उशीर झाला. कल्पना विकली गेली आहे, माझी सहीही झाली. नाव बदलतो, ब्रेकचा ब्रॅन्ड करतो. भाऊ काढता येणार नाही. भाऊ काढला तर उरतं एक दार आणि एक मूर्ख माणूस.

तुला वाटतं खोऱ्यातला प्रत्येक मृत्यू खोऱ्याच्या मालकीचा आहे. माझ्या मालिका बघून हसायला तुम्हाला शनिवार लागतो, आणि एकदा मी खरं काही लिहिलं तर तेही नको. चिखल दाखवत नाही म्हणून शिव्या, चिखल दाखवला तर दुसऱ्या शिव्या.

आणि आयनारचा एवढा कळवळा कधीपासून? तो तुला मागणी घालायला आला होता, मला पुसटसं आठवतंय, नव्या टोपीत. तू त्याला दारातूनच परत पाठवलंस. मेंढरांचा वास येतो म्हणून. गुरंवाल्या हॅडलींची मुलगी मेंढरवाल्याच्या घरी कशी जाणार! तेव्हा त्याचं मन मोडताना खोऱ्याची आठवण झाली नव्हती ती आता माझ्या टाइपरायटरवर येऊन बसली.

नाताळच्या शुभेच्छा. डबा पाठवलाय, त्यात संत्री आहेत. खराब होण्याआधी खा.

लाइल


वरचं खोरं
४ जानेवारी १९५९

लाइल,

संत्री मिळाली. दोन खराब निघाली.

तुझं पत्र मी चुलीत घातलं. मग हे लिहायला बसले. तू भोकात बोट घालणारा माणूस आहेस, तेव्हा हे घे. एकदाच लिहीन.

त्या वर्षी शरद ऋतूत कुणीतरी आपल्या वरच्या खोपटात राहून गेलं. पीठ संपवलं, भांडं तसंच टाकलं, आणि एक लाकूड फोडून ठेवलं नाही. बाबा ओहायोचे. इथे येऊन त्यांना वीस वर्षं झाली होती, पण आतून ते ओहायोचेच राहिले. येताना सामानात त्यांनी एक मोठं पितळी कुलूप आणलं होतं आणि ते लावायला या मुलखात त्यांना काही मिळालं नव्हतं. त्यांनी कडी-कोयंडा ठोकला आणि ते कुलूप लावलं. कुणाला सांगितलं नाही. सांगायची लाज वाटत असेल, कारण आपण काय करतोय ते त्यांना कळत होतं.

वादळानंतर बाबा वर गेले आणि नील्सला बर्फगाडीवरून घेऊन आले. मी त्यांचा ओला कोट वाळत घालायला घेतला. खिशातून कुलूप चुलीपुढच्या फरशीवर पडलं. आवाज झाला. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ते दाण्याच्या पेटीला आणलंय."

मग ते मरेपर्यंत दाण्याच्या पेटीला होतं. घोडे चोरणार होते का, असं तू विचारतोस. आम्ही दोघं रोज सकाळी ते कुलूप उघडायचो आणि एक शब्द बोलायचो नाही. ते पेटीत दाणा ठेवत नव्हते, मला ठेवत होते.

आयनार नवी टोपी घालून आला ते पुढच्या वसंतात. काय सांगायचं होतं मी त्याला? हो म्हणून त्याच्या घरी जायचं आणि जन्मभर त्याच्या टेबलाशी बसून नील्सचा फोटो पुसायचा? मी म्हटलं, मेंढरांचा वास येतो. त्याला खरं वाटेल असं दुसरं काही मला सुचलं नाही. तो म्हणाला, "बरं." आणि पुढच्या रविवारी कॉफीला आला.

आता तुझी गोष्ट बदल. भाऊ काढ आणि बाप घाल. हॅडली नाव घातलंस तरी चालेल. मग आयनार माझ्याकडे यायचा बंद होईल, ते मी बघून घेईन. पण त्याने भावाला मारलं असं कुणी पाय खाताखाता बघता कामा नये.

ऑर्फा


लॉस एंजेलिस
९ एप्रिल १९५९

प्रिय ऑर्फा,

तीन महिने लिहिलं नाही. दोनदा कागद घातला आणि 'प्रिय ऑर्फा'च्या पुढे गेलो नाही. मेंढरांच्या वासाबद्दल मी जे लिहिलं त्याची माफी मागायला शब्द शोधत होतो. शब्दांवर पोट भरतो आणि ते मिळाले नाहीत, तेव्हा पुढे जातो.

पहिला भाग मी तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात नव्याने लिहिला. बाप, ओहायो, न फोडलेली लाकडं, फरशीवर पडलेलं कुलूप. नावं सगळी वेगळी. आजवर इतकं चांगलं मी काही लिहिलं नव्हतं, हे मी फुशारकीने सांगत नाही; बाकीचं तू पाहिलंच आहेस. व्हॅन ऑर्डेननी वाचलं आणि खरंच डोळे पुसले. म्हणाले, "लाइल, यातला एक शब्द बदलू देणार नाही."

मग जाहिरातदार मिळाला. मालिकेचा सगळा खर्च तोच करणार. कोण असेल? ऑर्फा, बसून वाच. कुलपं बनवणारी कंपनी.

त्यांना वाटलं, मालिका कुलपावर आहे, म्हणजे आपल्यासाठीच आहे. त्यांचे चार लोक बैठकीला आले, चौघांच्या टायवर छोटी सोनेरी किल्ली. त्यातला एक फार सभ्यपणे म्हणाला, "गोष्ट उत्तम आहे. फक्त कुलपामुळे माणूस मरतो ते जरा..." दुसरा म्हणाला, "उलट केलं तर?" व्हॅन ऑर्डेन म्हणाले, "मी हेच सुचवणार होतो."

आता असं आहे: खोऱ्यात कुणी कुलूप लावत नाही. हा अडाणीपणा. दार उघडं असल्यामुळे दरोडेखोर आत शिरतात आणि नायकाच्या भावाला मारतात. मग नायक खोगिराच्या पिशवीत कुलपं घेऊन गावोगाव फिरतो आणि लोकांना शहाणं करतो. प्रत्येक भागाच्या शेवटी एक दार बंद होतं, किल्ली फिरते, आणि म्हातारी बाई म्हणते, "आता शांत झोप लागेल!" नाव आहे 'किल्लीवाला'. तुमच्या खोपटांचा नियम आता दरोडेखोर सांगतो, हसत हसत, दारूचा पेला हातात घेऊन. त्याच्या तोंडची वाक्यं तुझ्या पत्रातली आहेत, जवळजवळ जशीच्या तशी. ती कापा म्हणालो. म्हणाले, सगळ्या भागात तेवढीच चांगली आहेत.

मी राजीनामा दिला नाही. माझं नाव पहिल्याच पाटीवर येतं. त्या चोवीस वर्षांच्या मुलाला माझ्या हाताखाली दिलंय. तो म्हणतो मी त्याचा गुरू आहे.

एवढं चांगलं झालं की आता कुणालाच काही ओळखू येणार नाही. आयनारही सुटला, बाबाही, तूही. तुला कुणाला काही सांगायची गरज उरली नाही. दुसरी एक मालिका मध्येच बंद पडली, तिच्या जागी लावताहेत. शनिवार, नऊ मे. बघू नकोस.

तुझा,
लाइल


वरचं खोरं
१ जून १९५९

लाइल,

बघितली.

हल्डाने खिडकीत कागद चिकटवला होता, 'आपल्या लाइल हॅडलीची मालिका', त्यामुळे माणूस मावत नव्हता. तुझं नाव आल्यावर टाळ्या पडल्या. त्यानंतर कुणाला टाळीची गरज पडली नाही, हसूनच पुरलं. तुझा किल्लीवाला बर्फात उभा राहतो तेव्हा त्याच्या तोंडातून वाफ येत नाही. बर्फ म्हणजे साबणाचा चुरा असावा. घोड्याच्या नाकाला लागला आणि घोडा शिंकला, ते तुम्ही तसंच ठेवलंत. तो दरोडेखोर म्हणाला, "इथल्या मूर्खांनी आपल्यासाठी पीठसुद्धा ठेवलंय!" तेव्हा मॅक्लस्की ओरडला, "अरे, मग लाकडं फोड ना, हरामखोरा!" आणि त्याचा मेहुणा त्याच्याकडे बघून हसला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. तेवढं तुझ्या मालिकेचं पुण्य.

शेवटी कुलपाची जाहिरात आली. सगळा पडदा भरून एक पितळी कुलूप. मी बशीत बघत बसले.

आयनार मागे भिंतीशी उभा होता. तो हसला नाही. निघताना दारात माझ्याजवळ थांबला आणि म्हणाला, "लाइलला लिही, घोडा चांगला होता." तो घोडा कसला होता ते आयनारला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुझी लाज राखायला तो माणूस चारचौघांत घोड्याबद्दल खोटं बोलला. मेंढरवाला असला तरी घोड्याबद्दल तो कधी खोटं बोलत नाही.

मी सुटले, असं तू लिहिलंस. त्या संध्याकाळी घरी येताना मला ते सुटणं इतकं घाण वाटलं की गाडी थांबवून बाहेर उभी राहिले. तुमच्या त्या टायवाल्या माणसांनी माझं काम किती नीट करून दिलं! मी चाळीस वर्षं जे गप्प राहून केलं ते त्यांनी अर्ध्या तासात, जाहिरातीसकट.

डागणी तेवीस तारखेला होती. सगळे आले. आयनारने फास टाकला, एकही वासरू चुकलं नाही. दुपारी बाकीचे जेवायला गेले आणि तो हौदाशी हात धूत होता. मी गेले आणि सांगितलं. कुलूप, कोयंडा, कोट, फरशी. तुझ्यासारखं रंगवून नाही. फार वेळ लागला नाही. एवढ्याशा गोष्टीला एवढी वर्षं लावली याचीच लाज वाटली.

तो हात धूत राहिला. मग म्हणाला, "कोयंड्याच्या खिळ्यांची चार भोकं होती. चौकटीत. नवी."

मी म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"मी राळेने बुजवली. कुणी बघितली असती."

"आणि बोलला नाहीस?"

"तुझ्या बाबांनी त्याला खाली आणलं, ऑर्फा. त्यांना तो वरच पुरता आला असता. वसंतापर्यंत कुणाला कळलं नसतं." हात पँटला पुसले. "ते म्हातारे झाले, मग गेले. त्यांच्याकडून ऐकायचं राहिलं. मग तुझ्याकडून ऐकायचं होतं."

"चाळीस वर्षं थांबलास?"

"एवढं कुठे मोजलं मी. पुढच्या रविवारी सांगेल, असं म्हणायचो." मग म्हणाला, "मेंढरांचा वास खरंच येतो का?"

मी म्हटलं, "येतो."

"बरं," म्हणाला आणि जेवायला गेला. सगळ्यांसोबत बसला, तीनदा बीन्स घेतले, आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. आला नाही. मी कॉफी केली आणि संध्याकाळी ओतून टाकली. मला वाटलं, ठीक आहे, हेच व्हायचं होतं. हिशेब त्याचा, त्याने ठरवायचं.

काल पुन्हा रविवार. पिकअपचा आवाज आला. कॉफी प्याला. दोन कप. उरलेला पाव संपवला. नील्सबद्दल बोलला, तो मासे पकडायला किती वाईट होता ते सांगितलं. आयनार इतका बोलू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. मग उठला, खुंटीवरची टोपी घेतली आणि अंगणात गेला. मी भांडी विसळत कुऱ्हाडीच्या आवाजाची वाट बघत होते. ऐकू आला तो पिकअप सुरू झाल्याचा.

बाहेर जाऊन बघितलं. कुऱ्हाड ओंडक्यात होती तशीच. एक ढलपीसुद्धा फोडली नव्हती. घरचा माणूस जेवून उठतो तसा मेला उठून गेला.

तेव्हा तुला नवी कल्पना हवी असेल तर ही घे: एक माणूस कॉफी पितो आणि लाकडं न फोडता निघून जातो. गोळीबार नाही. तुमच्या साहेबांना कळणार नाही, आणि कुलूपवाले तर हातही लावणार नाहीत. म्हणून तर देते आहे.

जास्त लिहीत नाही. चुलीला लाकडं नाहीत, आणि या वयात मला कुऱ्हाड उचलायला जावं लागतंय.

ऑर्फा